खिळ्याला टांगलेला तारा

"हलला! हलला!" बेकरीवाला ओरडला आणि मैदानभर हुंदक्यांची एक लाट सरकत गेली.

दिवेलागण होऊन गेली होती. वस्तीबाहेरच्या मोकळ्या मैदानात शे-दीडशे माणसं चटया टाकून उताणी पडली होती. प्रत्येकाने दोन्ही हातांची ओंजळ डोळ्यांभोवती धरली होती. मधोमध खुर्चीवर तारेबाबा बसले होते. अंगात पांढराशुभ्र झगा, तोंडापुढे माइक आणि आवाजात भरपूर साय.

"जग बाहेर ठेवा, लेकरांनो. झाड नको, दिवा नको, शेजारी नको. फक्त तो एकटा तारा. तुमचं गेलेलं माणूस तिथंच आहे. हाक मारा. बघा, वर निघालं... आता डावीकडे... ज्याला दिसत नाही, त्याच्या मनात किल्मिष आहे बरं का!"

एवढं ऐकल्यावर कोण कबूल करणार, की मला दिसलं नाही म्हणून?

त्या गर्दीत एक फ्रेमवाला होता. फोटोंना, आरशांना चौकटी करणं आणि त्या लोकांच्या भिंतींवर टांगून देणं हा त्याचा धंदा. आपण लावलेली वस्तू तसूभर हलत नाही, एवढाच त्याला आयुष्यात गर्व होता. सासूबाईंना सोडायला म्हणून तो आला आणि त्यांनी त्याला हाताला धरून शेजारी निजवलं. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. सासूबाईंची ती एकुलती लेक.

त्याने उगीच आपलं म्हणून वर पाहिलं, आणि तारा हलला. खरोखर हलला. किंचित थरथरला, वर सरकला, थबकला.

तो ताडकन उठून बसला.

"दिसली ना?" सासूबाई म्हणाल्या.

त्याने चटई गुंडाळायला घेतली.

घरी आल्यावर त्याने नेहमीप्रमाणे त्यांच्या डोळ्यात टाकायच्या थेंबांची बाटली काढली. सासूबाईंना काचबिंदू होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, थेंब चुकले की डोळ्यातला दाब वाढेल, आणि गेलेली नजर परत येणार नाही.

"ठेवा ती बाटली," सासूबाई म्हणाल्या. "बाबा म्हणाले, औषध म्हणजे डोळ्यावरचा पडदा. ज्या डोळ्यांना लेक दिसते, त्यांना बाटली कशाला?"

"आई, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरांनी तिला वाचवलं का?"

त्याने बाटली परत फळीवर ठेवली. त्या दिवसापासून त्याचं कशातच मन लागेना. दुकानात खिळा ठोकता ठोकता तो उठायचा, सरळ असलेल्या चौकटी पुन्हा सरळ करायचा, परत बसायचा, परत उठायचा. बाबा ढोंगी आहे म्हणावं, तर तारा आपण स्वतः पाहिलेला. खरा आहे म्हणावं, तर रोज घरात एक म्हातारी थोडी थोडी आंधळी होत चाललेली.

अशातच आकाशदर्शनाच्या मंडळाची बैठक आली. दर वर्षी थंडीतल्या एका अमावास्येच्या सुमाराला हे लोक त्याच मैदानात जमत आणि काय काय बघायचं ते आधी फ्रेमच्या दुकानात बसून ठरवत, कारण ठरवणारी त्याची बायको असे. "आधी काय बघायचं ते ठरवा, मग माना वर करा," ती सगळ्यांना दटावायची. यंदा तिच्या स्टुलावर शाळेतल्या विज्ञानाच्या बाई बसल्या.

"अंधार पडताच गुरू," बाई म्हणाल्या. "दुर्बिणीतून त्याचे चंद्र दिसतील. मग कृत्तिका. देवयानीतली दीर्घिका, म्हणजे ती दूरची आकाशगंगा, फिकट आहे, डोळे अंधाराला सरावल्यावर शेवटी घेऊ. टॉर्चला लाल कागद लावून आणायचा. गेल्या वर्षी कुणी तरी मोबाइल पेटवून सगळ्यांचे डोळे दिपवले होते."

"मी एकदाच पेटवला," बेकरीवाला म्हणाला. "बरं, शेवटी ती दीर्घिका का काय ते कशाला? फिकट तर फिकट. शेवटी बाबांना बोलवू. माझा भाऊ मला दर खेपेला भेटतो तिथं."

"बोलवाच," सासूबाई दारातून म्हणाल्या.

फ्रेमवाल्याला वाटलं, बाई आता भडकणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "बोलवू की. मात्र मी कुठलीही गोष्ट आधी करून पाहिल्याशिवाय कार्यक्रमात घेत नाही. दादा, तुमच्या आतल्या खोलीत मिट्ट अंधार होतो का?"

त्यांनी एका पत्र्याच्या डब्याला टाचणीने भोक पाडलं, आत टॉर्च ठेवला. "हा समोरच्या भिंतीवर पक्का बसवा. तुमच्या पद्धतीनं."

फ्रेमवाल्याने भिंतीत भोक पाडून स्क्रू धरून ठेवणारी गिट्टी ठोकली, स्क्रू आवळला आणि डब्याला लोंबकळून पाहिलं. डबा तसूभर हलला नाही.

दार लावलं, फटीत चादर कोंबली. काळोखात एकच ठिपका उरला.

"काय दिसतं ते बोला," बाई म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

जरा वेळ गेला. मग बेकरीवाल्याचा आवाज आला, "अरेच्चा! हलतोय!"

"आली गं, माझी बाय आली," सासूबाई पुटपुटल्या.

ठिपका फ्रेमवाल्यालाही सरकताना दिसत होता. त्याने धडपडत दिवा लावला. डबा जिथल्या तिथे होता.

"आपला डोळा कधी स्वस्थ नसतो," बाई म्हणाल्या. "बारीक बारीक सरकत असतो. शेजारी दार, भिंत, झाड, काहीही दिसत असलं की कोण हलतंय आणि कोण नाही याचा अंदाज येतो. काळोखात नुसता एक ठिपका उरला की तो आधार सुटतो. मग डोळ्याची चुळबुळ आपण ठिपक्याच्या माथी मारतो. आणि कानाशी कुणी डावीकडे म्हणालं, की तो डावीकडे निघाल्यासारखा वाटतो. बाबांनी आभाळातला एकटा तारा निवडला तो त्यासाठीच. ओंजळी धरायला लावल्या त्या पण त्यासाठीच."

"तुम्ही दोघांनी मिळून डबा हलवला," सासूबाई कडाडल्या.

"आई, मी बसवलाय तो. माझ्या हातचं काही हललंय कधी?" फ्रेमवाल्याने डबा ओढून दाखवला. "आणि मलाही हलताना दिसला. मैदानातही दिसला होता."

सासूबाई ताडताड बाहेर निघून गेल्या. त्या रात्रीही बाटली तशीच राहिली.

फ्रेमवाल्याने मात्र रंधा हातात घेतला. चार पांढऱ्या पट्ट्यांची मोठी रिकामी चौकट केली आणि आकाशदर्शनाच्या संध्याकाळी मैदानात दोन बांबूंवर घट्ट बांधली. गुरू झाला, कृत्तिका झाल्या, दीर्घिका झाली. मग बाबा आले.

"आज पडायचं नाही, बसायचं," बाई म्हणाल्या. "खुर्चीला पाठ टेकवा, डोकं हलवू नका. आणि ओंजळी नकोत. तारा चौकटीतून बघा."

लाल उजेडात चौकट अंधूक दिसत होती. ज्याच्या त्याच्या खुर्चीवरून तारा तिच्या एखाद्या कडेशी दिसत होता.

"हाक मारा... बघा, वर निघालं," बाबांनी सुरुवात केली. "आता डावीकडे..."

तारा कडेशी बसलेला तो बसलेलाच.

"बाबा, डावीकडे न्या की तिला," सासूबाईच म्हणाल्या. "जरा न्या."

"माउली, चौकट काढा ती. आत्मा चौकटीत अडकतो. चौकटीला भितो."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "माझी लेक? चौकटीला भिते? अहो, वीस वर्षं चौकटींच्या दुकानात संसार केला तिनं! येता-जाता डोक्याला लागायच्या तिच्या!"

आधी बेकरीवाला फिस्सकन हसला. मग सगळं मैदान हसलं. बाबांचा माइक तेवढ्यात बिघडला, आणि ते नीट करायला म्हणून गेले ते गाडीत बसूनच गेले. हसता हसता बेकरीवाला मात्र खुर्चीतच रडत राहिला. बाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या.

घरी सासूबाई पलंगावर बसल्या.

"म्हणजे ती तिथं नाही."

"नाही, आई."

"मग कुठंय?"

"कुठंच नाही. आपण दोघं आहोत."

त्यांनी मान मागे टाकली. "टाका. आधी उजव्यात." आणि मग, "हात हलतोय तुमचा, जावईबापू."

"हो," तो म्हणाला. "हा खरंच हलतोय."

पुढे तपासणीत कळलं, मधल्या दिवसांत डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती. ती परत आली नाही. बाकीची मात्र राहिली.

मैदानातली माणसं मूर्ख नव्हती. त्यांना तारा हलताना दिसला, हेही खरं होतं. ज्याचं माणूस गेलंय त्याचा डोळा जरा जास्तच सैरभैर असतो, आणि नेमका तोच डोळा अशा बाबांना हवा असतो. म्हणून कुणी काळोखात नेऊन, जग बाहेर ठेवून काही दाखवू लागलं, तर भांडू नका, घाबरू नका. शेजारी काही तरी न हलणारं धरा आणि पुन्हा बघा. आणि कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर पुन्हा बघण्याच्याही भानगडीत पडू नका. सरळ उठून घरी या.