गणपतीला एकच उंदीर

घरात उंदीर आणायला सगळ्यात मोठा विरोध आमच्या ह्यांचाच होता. "लोक पिंजरा लावून उंदीर पकडतात, आणि आपण पिंजऱ्यात झोळी बांधून द्यायची?" असं म्हणत गुणवंतरावांनी माझं डोकं खाल्लं. पण आमची सुनीती बारा वर्षांची, एकुलती एक आणि बापाहून हट्टी. शेवटी आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन माद्या आल्या, पांढरी मोमो आणि तपकिरी चटणी. दोघी एकमेकींना चाटून स्वच्छ करायच्या, एकाच झोळीत एकीवर एक पडून झोपायच्या. चटणीच्या तोंडातला मटार मोमो खुशाल काढून घ्यायची आणि चटणी घेऊ द्यायची. हळूहळू हे ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी पिंजऱ्याशी जायला लागले. विरोधाचं हे असं झालं.

मग गणपती आले. हे आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, आणि सजावटीत दरवर्षी काहीतरी नवीन असल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. त्या वर्षी ह्यांना सुचलं, मूर्तीच्या पायाशी खराखुरा मूषक! पांढराशुभ्र!

"बाबा, न्यायचंच असेल तर दोघींना न्या ना यार," सुनीती म्हणाली. "त्या एकट्या नाही राहू शकत. बिल्कुल नाही."

"अगं, गणपतीला वाहन एकच असतं. दोन ठेवले तर लोक हसतील."

आचमन कधी करायचं हे ज्यांना दरवर्षी गुरुजींना विचारावं लागतं, त्यांना नेमकं तेव्हा शास्त्र आठवलं. मोमो एकटीच गेली.

मंडपात धूप, कापूर, स्पीकर, आणि जाळीतून बोटं घालणारी पोरं. हे रोज फोटो पाठवायचे, 'मोमो सुपरहिट!' फोटोत ती कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली असायची. इकडे चटणी मटाराला तोंड लावेना. सुनीती रोज म्हणायची, आता आणा. हे रोज म्हणायचे, विसर्जन झालं की लगेच.

विसर्जनानंतर हे गुलालाने माखून आले आणि मोमोला मोठ्या कौतुकाने थेट चटणीच्या पिंजऱ्यात सोडलं. चटणीने तिला हुंगलं. अंगाला कापराचा आणि परक्या हातांचा वास. चटणीचे केस ताठ उभे राहिले आणि तिने मोमोला चावून लोळवलं. सुनीती किंचाळली. ह्यांनी मोमोला बाहेर काढलं, तेव्हा तिच्या नाकाडोळ्यांभोवती लाल डाग दिसले. श्वास घेताना छातीतून टिकटिक येत होती.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. ते लाल म्हणजे रक्त नव्हे, उंदीर आजारी पडला किंवा भेदरला की डोळ्यांतून असं पाणी येतं. आणि उंदरांची फुप्फुसं फार नाजूक, धूर सोसत नाही. मग त्यांनी विचारलं, "इसे अकेले क्यों रखा था?"

औषध सुरू झालं. सुनीतीने दोघींची नव्याने ओळख करून द्यायला घेतली. कोरड्या बाथरूममध्ये, जिथे दोघींपैकी कुणाचाच वास नव्हता, रोज थोडा थोडा वेळ. एके दिवशी चटणी आपणहून पुढे झाली आणि मोमोचा कान चाटायला लागली. दारात उभे असलेले हे लहान मुलासारखे रडले. पण छाती काही सुधारली नाही. मोमो चटणीच्या कुशीतच गेली. मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

"माझं चुकलं गं," हे सुनीतीला म्हणाले.

"ठीक है, बाबा."

चटणी आता एकटी पडली. ह्यांनी दोन नव्या माद्या कुठे मिळतील ते शोधून ठेवलं. पण सुनीतीचं आधीच ठरलं होतं. तिला शिकवणारी कुमुदताई मुनिरक्याला राहते, तिच्याकडे तीन माद्या आहेत. चटणी तिच्याकडे जाणार होती.

"अगं, पण इथे का नको? मी स्वतः बघेन त्यांच्याकडे."

सुनीती पिंजऱ्याची कडी लावत होती. ती रागावली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं.

"इथे नको, बाबा," ती म्हणाली. "इथे पुढच्या वर्षी परत गणपती येतील."

'लवकर या' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलेल्या माझ्या नवऱ्याने पिंजरा उचलला आणि ऑटो बघायला खाली गेला.