लाल ठिपका

मी मोबाईल बोलतोय. खरं तर बोलण्याचं काम माझ्याकडून तीन वर्षांपूर्वीच काढून घेतलंय. काचेला तडा गेला, मालकांनी आतलं कार्ड काढलं आणि मला बायकोच्या हाती ठेवलं. "शाळेत ने, उपयोग होईल," म्हणाले. भेट आलेली नावडती फुलदाणी माणसं अशीच पुढे सरकवतात.

बायको म्हणजे चौथीच्या बाई. त्यांनी मला खडूच्या डब्याला टेकवून इतिहासाच्या तासाला नेमलं. मुलांनी दोन बाजू घेऊन वाद घालायचा, मी तो टिपायचा, मग मुलांनी स्वतःला बघून सुधारायचं. माणसं स्वतःला बघून सुधारतात यावर बाईंचा अजून विश्वास आहे.

मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, नव्हता. "शनिवारी एक वाद दाखवा. दम नसला तर सोमवारपासून पुन्हा प्रश्नोत्तरं उतरवून द्या."

एरवी माझं बटण वर्गाचा मॉनिटर दाबायचा. शुक्रवारी तो गालगुंडाने घरी. बाईंनी स्वतः दाबलं. लाल ठिपका उमटला, म्हणजे मी टिपू लागलो. पण बाई रोज सिग्नल पाळत शाळेत येतात. लाल म्हणजे थांबलेलं. त्यांनी पुन्हा दाबून ठिपका घालवला आणि निश्चिंत झाल्या.

विषय होता, तट बांधणारा राजा थोर की उधळ्या. वकिलाच्या मुलाने वडिलांनी लिहून दिलेलं भाषण म्हटलं, दोनदा "माननीय न्यायमूर्ती"सकट. मी डोळे मिटून होतो. भाषणं संपली, बाईंनी बटण दाबलं, लाल बघून "झालं हं" म्हणाल्या आणि घंटेचं विचारायला बाहेर गेल्या. माझे डोळे तेव्हा उघडले.

"पुस्तकात आहे, राजाने तट बांधला," वकिलाचा मुलगा म्हणाला.

"वरची ओळ वाच," गवंड्याची मुलगी म्हणाली. "'राजा गादीवर बसला.' बसून तट बांधता येतो होय रे?"

"गादीवर बसणं म्हणजे राजा होणं. मठ्ठ आहेस."

"असेल. पण उठला कधी, ते दाखव."

त्याने खरंच पान उलटलं. पुढच्या पानावर राजा वारला होता.

"माझे बाबा दिवसभर उभे असतात," ती म्हणाली. "बांधणाऱ्यांची नावं कुठायत?"

"नाहीत."

"मग अर्धाच धडा आहे हा."

शनिवारी एवढंच निघालं. बाईंचा चेहरा खडूसारखा झाला. मोठ्या बाईंनी ते दोनदा बघितलं.

"आपली शाळा कुणी बांधली हो?"

"संस्थापकांनी," बाई सवयीने म्हणाल्या.

दोघींनी भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं. संस्थापक आरामखुर्चीत बसले होते.

मग मोठ्या बाई म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी हाच विषय घ्या."

आता माझी बॅटरी तासभरही टिकत नाही, आणि मॉनिटर बरा होऊन परतलाय. मला हाताळणाऱ्या सगळ्यांना एकच विनंती आहे, लाल ठिपका नीट बघून बटण दाबा. बाई, तुम्ही सोडून.