अमोनाइट खिडकीत, मी दाराशी

मी एक जुना, दगड झालेला समुद्री प्राणी आहे. मुठीत मावेन एवढाच, पाठीवर पाच पाकळ्यांची नक्षी. मित्रांनो, आठ कोटी वर्षांपूर्वी मी एका कोमट समुद्राच्या तळाशी, पांढऱ्या मऊ गाळात राहत होतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची कवचं वरून सतत खाली पडत. त्या गाळाचा पुढे खडूचा दगड झाला, आणि त्यात मीही दगड झालो.

एका खाणकामगाराने मला हातोडीने सोडवलं आणि खिशात घालून घरी नेलं. त्याच्या बायकोने मला खिडकीत ठेवलं. येणारा-जाणारा मला हातात घेऊन बघे. सात वर्षं मी तिथे ऐटीत होतो.

मग त्याने अमोनाइट आणला. तोही माझ्याच समुद्रातला, दगड झालेला शंखवाला प्राणी, पण ताटाएवढा, गोल गोल गुंडाळलेला. खिडकी त्याला मिळाली. मला दाराला टेकवलं, वाऱ्याने ते आपटू नये म्हणून. खाणकामगार दर सुट्टीला त्याला ब्रशने घासायचा, व्हिनेगर लावून चमकवायचा. माझ्यावर मात्र धूळ. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तो पडून फुटावा, असंही मी मनात आणलं.

एकदा संग्रहालयातल्या बाई अमोनाइट बघायला आल्या. भिंगातून बघून म्हणाल्या, "दादा, घासून घासून याच्या रेषाच गेल्यात. कुठे सापडला? जागा कळली, तरच वय ठरवता येतं."

"आता कुठलं आठवायला," खाणकामगार ओशाळून म्हणाला.

मला आतून गुदगुल्या झाल्या. निघताना बाई दाराशी वाकल्या. "अहो, याच्या पाठीवर किड्यांच्या नळ्या आहेत. हा मेल्यावर त्यांनी याच्यावर घर केलं होतं. कुणी घासलं नाही ते बरं झालं. हा कुठला?"

बायको हात पुसत बाहेर आली. "उत्तरेकडच्या कड्याचा. चकमकीच्या दगडाच्या काळ्या पट्ट्याच्या हातभर वर. मुलगी झाली त्या दिवशी आणलात तुम्ही. सगळं सांगितलं होतंत मला."

ती मला विसरली असं धरून मी इतकी वर्षं कुढत होतो.

बाईंनी मला मागितलं. बायकोने मला थोडा वेळ ओंजळीत धरलं. "न्या. पण ती जागा लिहून ठेवा."

आता मी संग्रहालयाच्या खणात आहे, शेजारी जागेची चिठ्ठी. अमोनाइट अजून तिच्याजवळ आहे, आणि त्याचा हेवा मला आजही वाटतो. मित्रांनो, खडूच्या दगडात असं कुणी सापडलं, तर घासू नका. कुठून काढलं ते त्याच दिवशी लिहा, आणि घरात कुणाला तरी सांगा.