बारा तासांचा अंधार

पंख्याच्या तारेवर मोहरीएवढा हिरवा दिवा होता. झोलिलेनं गुडघ्यांवर बसून त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली, वर दुसरी लावली, आणि तरीही समाधान होईना म्हणून तिसरी. मग तो खोलीतल्या काळ्या कापडी तंबूत शिरला, आतून चेन ओढली आणि डोळे फाडून बसून राहिला. कुठूनही उजेड येत नव्हता. म्हणजे चूक तिथेही नव्हती.

"सापडलं का भूत?" बाहेरून आईनं विचारलं.

"सापडेल."

"आमच्या डोंगराला कुणी पट्ट्या चिकटवत नाही. तिथे रात्री चंद्रसुद्धा उगवतो."

झोलिले दातओठ खात बाहेर आला आणि कामावर निघाला.

ईस्ट लंडन शहराचं पाणी तपासणं हे त्याचं पंधरा वर्षांचं काम. आकडा बरोबर असला की सगळं बरोबर असतं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. तंबूतली गांजाची चारही झाडं मादी होती, आईनं आपल्या गावच्या, लुसिकिसिकीच्या डोंगरावरून डोक्याच्या फडक्यात बांधून आणलेल्या बियांची. घरापुरतं लावायला आता कायद्याची आडकाठी नव्हती. वीस दिवसांपूर्वी, त्यांनी कळी धरावी म्हणून, त्यानं त्यांचा उजेड बारा तासांवर आणला होता. दिवसा खोली तापते, म्हणून संध्याकाळी सहाला दिवा लागायचा आणि सकाळी सहाला जायचा. खतातलं नत्र कमी केलं, स्फुरद आणि पालाश वाढवलं. पानांची टोकं करपली, तेव्हा खत निम्म्यावर आणलं. पानं पिवळी पडली, तेव्हा पुन्हा वाढवलं. दिवा वीतभर वर घेतला, चार बोटं खाली आणला. वही आकड्यांनी भरली, पण कळ्यांचे घोस जिथे धरायला हवे होते तिथे चार पांढरे केसर तेवढे दिसत होते. आणि काल एका झाडावर त्या केसरांमध्येच हिरव्या बारीक पिशव्या लटकताना दिसल्या. मादी झाडावर नराची फुलं! त्यानं कपाळाला हात लावला होता.

हे नुसतं झाडांचं दुखणं असतं तर तो एवढा पेटला नसता. गेल्या हिवाळ्यात आई, नोक्वेझी, तिच्या उतारावरच्या शेतात पाय घसरून पडली आणि दुपारभर तशीच पडून राहिली. शेजाऱ्याच्या शेळ्या तिकडे वळल्या म्हणून कुणाला तरी कळलं. कंबर दाखवायला म्हणून त्यानं तिला इथे आणलं, त्याला तीन महिने झाले. तिची पिशवी अजून पलंगाशी भरलेलीच होती. कपाटासारखा उभा तंबू बघून ती हसली होती.

"कपाटात गांजा? कपाटात कपडे ठेवतात, बाळा."

"तुझ्या डोंगरासारखी कळी इथे धरून दाखवली तर राहशील?"

"धरली तर राहीन."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो खतांच्या दुकानात गेला. दुकानवाल्या ब्रॉन्विननं मोबाइलवरचा फोटो मोठा करून पाहिला.

"खताला कशाला शिव्या देता, दादा? ही घाबरलेली झाडं आहेत. यांची रात्र कुणीतरी मोडतंय."

"माझा टायमर सेकंदाला पक्का आहे."

"टायमरला हात नसतात. घरी कोण असतं?"

"आई," तो म्हणाला, आणि तसाच गाडीत बसला.

घरात शुकशुकाट होता. तंबूची चेन अर्धी उघडी होती. आत आई उलट्या बादलीवर वाकून बसली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पेटलेली छोटी बॅटरी दातांत धरलेली. मांडीवर पसरलेल्या फडक्यात खुडलेल्या हिरव्या पिशव्यांचा लहानसा ढीग.

"आई!"

तिनं बॅटरी तोंडातून काढली. "ओरडू नकोस. कंबर गेलीय, कान नाहीत गेले."

"बारा तास अंधार म्हणजे अंधार! कितीदा सांगितलं!"

"एवढीशी बॅटरी, चंद्राएवढीही नाही. आणि कळी धरायच्या दिवसांत रोज रान फिरून नर काढायचे असतात. एक राहिला की सगळं पीक बियांचं. तुझ्या यंत्रांना कळतो नर? आधी एखादाच सापडायचा. आता बघ, रोज वाढतायत."

"तुझ्या बॅटरीनंच वाढतायत! झाडांची झोप मोडते, मग मादीसुद्धा नर धरते." त्याचा आवाज चिरकला. "तुला जायचंच होतं ना? पिशवी भरून बसलीच आहेस. सरळ सांगायचं होतंस, माझ्या वीस दिवसांवर पाणी कशाला फिरवलंस?"

आईनं बॅटरी बंद केली. काळोखात तिचा चेहरा दिसेना.

"जायचं असतं तर," ती हळू म्हणाली, "ही कंबर घेऊन रोज इथे वाकले असते का रे? मला वाटलं, तुला नर ओळखता येणार नाहीत. पीक जाईल, आणि मला परत चढावं लागेल तो डोंगर."

झोलिले तंबूच्या दाराशी खाली बसला.

"मग पिशवी का नाही सोडलीस?"

"तू राहा म्हणालास कधी? पैज लावलीस."

त्यानं हात पुढे केला, ती त्याच्या आधारानं कण्हत उठली, आणि त्यानं चेन वरपर्यंत ओढली. ही झाडं आता सावरतील की नाही, हे त्याच्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यानं टायमर हातात घेतला आणि काटा फिरवला.

"उद्यापासून दिवा सकाळी सहाला लागेल, संध्याकाळी जाईल. दिवसा खुशाल शोध तुझे नर."

"आणि खोली तापली म्हणजे?"

"खिडकी उघडू."

मग तो तिच्या खोलीत गेला आणि पलंगाजवळची पिशवी उचलली. आई भिंतीला धरून मागोमाग आली.

"कुठे नेतोस ती?"

त्यानं आपल्या खोलीतल्या कपाटाचं दार उघडलं आणि स्वतःचे शर्ट एका बाजूला सारले.

"कपडे कपाटात ठेवतात, आई."