उसनं बोट

मी ग्लुकोमीटर बोलतोय, रक्तातली साखर मोजणारं यंत्र. बोलतोय म्हणजे काय, थेंबभर रक्त द्या, आकडा दाखवतो आणि गप्प बसतो. तोंडदेखलं बोलणं मला जमत नाही. रक्त कुणाचं हे सांगायची सोय मात्र माझ्यात नाही, आणि तिथंच घात झाला.

औषधांच्या दुकानातून मला एका शिंप्याच्या लेकीनं आणलं. ती परगावी शाळेत शिकवायची. घरात पाऊल टाकताच तिनं डॉक्टरांचं बोलणं आईच्या कानावर घातलं. "आई, बाबांची साखर अशीच चढी राहिली तर हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून खराब होतात. आणि झटका आला तरी अशा माणसांच्या छातीत दुखेलच असं नाही म्हणे. नुसता घाम येईल, दम लागेल."

मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, रोज सकाळी चहाआधी मोजायचं आणि मला फोटो पाठवायचा."

शिंपीबुवा जन्मभर सुईशी खेळलेले. टोचून घ्यायला ते कुठले भितात? ते भ्यायचे आकड्याला. एका सकाळी मी दोनशे सत्याऐंशी दाखवलं आणि फोनवर लेक रडायलाच लागली. "तुम्हाला माझी जराही पर्वा नाही," म्हणाली. त्या दिवशी बुवांच्या घशाखाली घास उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला म्हणाले, "अगं, तुझं बोट दे जरा. पोरीच्या जिवाला उगाच घोर नको."

"अहो, हे काही बरं नव्हे."

"आजच्या दिवस गं."

मी ब्याण्णव दाखवलं. तिकडून 'शाब्बास बाबा' आलं. आजचा दिवस मग रोजचाच झाला.

गंमत बघा, त्या शाब्बासकीनं बुवा खरोखर खुलले. मापं घेता घेता गिऱ्हाइकांना सांगायचे, "आपली साखर एकदम काबूत." बक्षीस म्हणून दोन बिस्किटं जास्त खायचे. डॉक्टरांनी लॅबची तपासणी सांगितली, तर म्हणाले, "घरी छान येतंय की, कशाला पैसे घालवा?" खोटं दुसऱ्याला सांगता सांगता माणसाला स्वतःलाच पटतं, हे मी त्या घरात शिकलो. बायको रोज बोट पुढं करायची आणि तोंड फिरवायची. मला तिचा राग यायचा, कीवही यायची.

एका दुपारी बुवा कोटाची बाही जोडत होते. एकाएकी शिलाई मशीन थांबलं. सदरा घामानं चिंब, श्वास वरवरचा. "छातीत काही नाही गं," ते म्हणाले, "सकाळपासून मळमळतंय, पित्त असेल."

बायकोनं लेकीला फोन लावला.

"घाम फुटलाय? आकडे इतके छान आहेत, गोळ्यांनी साखर उतरली असणार. आधी साखरपाणी दे, आई."

तिनं पेल्यात साखर ढवळली. पेला बुवांच्या ओठांशी नेला आणि तिचा हात थांबला. बुवांनी मान हलवली. सांगू नकोस, असं डोळ्यांनी विनवत होते. पेला खाली ठेवून तिनं मला उचललं आणि कितीतरी महिन्यांनी मला बुवांचं रक्त मिळालं. चारशे अठरा.

"पोरी," ती फोनवर म्हणाली, "ते आकडे माझे होते गं."

पलीकडून लेक किंचाळली, "अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव!"

इस्पितळात डॉक्टर म्हणाले की झटका सकाळीच येऊन गेला होता, हृदयाचा बराच भाग निकामी झालाय. बुवा घरी आले नाहीत.

लेक आली तेव्हा आधी भांडली. मग आईचे हात हातात घेऊन बसली. आईच्या बोटांच्या टोकांवर काळे ठिपकेच ठिपके होते. त्यावर हात फिरवत ती नुसती रडत राहिली.

आता मी शिंपीबुवांच्या कात्रीशेजारी खणात पडून असतो. सेल संपत आलेत. परवा लेक फोनवर म्हणाली, "आई, तुझीही साखर मोजत जा अधूनमधून."

"माझी कशाला?" आई म्हणाली. "माझी तर तू रोजच बघत होतीस."

तुमच्या घरी माझं कुणी भावंड असेल, तर एवढं ऐका. आकडा वाईट आला तर घरच्यांची बोलणी खा, रुसवे काढा, डॉक्टरांकडे जा. पण बोट स्वतःचंच पुढं करा.