तिसरा ठोका

लखनचं पत्र भाऊबीजेनंतर आठवड्याने आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. निळं अंतर्देशीय पत्र होतं. "गुरुजी, असं पत्र दोन वर्षांत वाटलं नवतं मी," पोस्टमन म्हणाला. मी हसलो, दाराची कडी लावली आणि उभ्याउभ्याच ते वाचलं.

"गुरुजींना कामठ्याच्या लखनचा नमस्कार. तुमाले एकच गोष्ट विचाराची हाय. बारा वर्सांपहिले आमच्या मंडईत तिसरा ठोका कोणाच्या सांगण्यावरून पडला, तेवढं लिहून द्या. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवाचं हाय. पोरींच्या तालमीसाठी मी समाजमंदिर मागून राहिलो. गोवर्धन सेठले तेथी आपल्या नावाची जिम पायजे. तो मनते, ज्यानं भर मंडईत आपली कुस्ती विकली तो पोरीयले काय शिकवन? तुमी लिहाल त लोक मानतील. तुमी खोटं बोलत नाइ."

पत्र मी आधी शब्दकोशात ठेवलं. शब्दकोश रोज हातात येतो म्हणून तिथून काढून कपाटातल्या वरच्या फळीवरच्या एका जाड पुस्तकात ठेवलं. मग त्या फळीकडे बघायचं टाळू लागलो. वाचायला बसलो की पान संपायचं आणि काय वाचलं ते आठवायचं नाही. उठायचो, अंगणात जायचो, तुळशीला पाणी घालायचो, परत यायचो. माझी बायको सुशिलाबाई म्हणाली, "त्या तुळशीले बुडवून मारता का आता?"

अडीच महिने असे गेले.

तिसरा ठोका म्हणजे काय, हे आधी सांगितलं पाहिजे.

आमच्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत नाटकाला प्रॉम्प्टर लागतोच. नट फार पाठांतर करत नाहीत. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसून एक माणूस अख्खं नाटक वाचतो आणि नट ते ऐकून बोलतात. शाळेत मराठी शिकवत असताना मी कित्येक वर्षं ते काम केलं. चारचौघांत दोन वाक्यं बोलायची मला धास्ती. मुख्याध्यापकांसमोर रजेचा अर्ज देतानाही हात थरथरायचा. खड्ड्यात मात्र मी राजा बोललो, राणी बोललो, दरोडेखोर बोललो.

गोवर्धन सेठने मला तिथेच पाहिलं. गोंदियाचा माणूस, कामठ्याच्या शिवेवर त्याची राइस मिल. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते, त्या मंडईत दिवसा दाखवायला त्याने कुस्त्यांचा फड काढला होता. 'खरी कुस्ती, मर्दानी कुस्ती' अशी पत्रकं वाटायचा. कुस्ती खरी नव्हती. कोण जिंकणार हे सकाळीच ठरलेलं असे. पण त्याच्या पहिलवानांना ठरलेलं आठवत नसे. कोणी मध्येच चिडायचा, कोणी वेळेआधीच पडायचा.

"गुरुजी," सेठ मला म्हणाला, "नाटकवालों के पास आप हो. मेरे पहलवानों के पास कोई नहीं."

मग फळ्यांच्या मंचाखाली माझी जागा झाली. वर गाद्या, भोवती कापड, खाली पाटावर मी. एक वही, एक टॉर्च आणि माझी शाळेतली लाकडी पट्टी. पट्टीने मी खालून फळीवर ठोकायचो. ठोके त्या दिवसाच्या मुख्य पहिलवानासाठी असत, दुसरा त्याच्या हालचालीवर चालत असे. एक ठोका, पकड सोड. दोन ठोके, उचलून आपट. तीन ठोके, पाठ टेक. कोण जिंकणार ते सेठ सांगायचा. कसं जिंकणार ते मी वहीत लिहायचो.

लखन आमच्याकडे आला तेव्हा बाविशीचा होता. त्याचा बाप मंगरू मातीतला जुना पहिलवान, नागऱ्याच्या कुस्त्यांच्या दंगलीत नाव काढलेला. लखनने कुठेही कुस्ती केली की मंगरू खांद्यावरच्या गमछ्याने पोराची पाठ पुसायचा. पाठीला माती नसली तरी पुसायचा. पाठ कोरी आहे हे त्याला लोकांना दाखवायचं असे. फडाच्या आतली गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. लखनने त्याला सांगितली नव्हती, कारण आतलं बाहेर न सांगण्याची मातीची शपथ सेठने सगळ्यांकडून घेतली होती. सोळा पहिलवानांचं पोट त्या शपथेवर होतं.

कामठ्याच्या मंडईच्या दिवशी सेठ सकाळी म्हणाला, "आज लखन जीतेगा. उसका गाँव है."

मी वहीत तसं लिहिलं. आणि समोरच्या पानावर, कोणी न सांगता, दुसरा शेवट लिहिला. त्यात लखन पडत होता. स्वतःच्या गावात, स्वतःच्या बापासमोर. पुस्तकं वाचून वाचून माझ्या डोक्यात बसलं होतं की नायक पडल्याशिवाय गोष्ट उभी राहत नाही. गाव वर्षभर हळहळेल, पुढच्या मंडईत तो उठेल, असं काहीतरी मी रंगवलं होतं. ते पान फाडायचं मनात होतं. फाडलं नाही.

दुपारी लखनने नागपूरहून आणलेल्या एका दांडग्या पहिलवानाची कंबर धरली. मंडई गप्प झाली. जिलेबीवाल्याच्या कढईचा आवाज तेवढा मला खाली ऐकू येत होता. मी दोन ठोके दिले. माझ्या डोक्यावरची फळी वाकली, म्हणजे लखनने त्याला उचललं होतं. तेवढी हजारभर माणसं श्वास रोखून उभी आणि त्यांचा श्वास माझ्या पट्टीच्या टोकाशी. असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मी तिसरा ठोका दिला.

चुकून नाही. हे चार शब्द लिहायला मला बारा वर्षं लागली: तो चुकून नव्हता दिला.

लखन थांबला. आपण नीट ऐकलं नाही असं त्याला वाटलं असावं. मग मी पुन्हा ठोके दिले. तीन. मोजून, स्पष्ट, शाळेत शुद्धलेखन सांगतात तसे. त्याने त्या माणसाला खाली ठेवलं, स्वतः घसरला आणि त्याची पाठ गादीला टेकली.

वर काय गोंधळ झाला तो सांगता येणार नाही. कापडाच्या फटीतून मला मंगरूचे पाय दिसले. ते मंचापर्यंत आले.

"पाठ टेकली का टेकवली रे?" मंगरूने विचारलं.

लखन काही बोलला नाही. बोलला असता तर फड त्याच दिवशी मोडला असता. गमछा माझ्या फटीसमोर धुळीत पडला. पाय निघून गेले.

सेठ कापड उचलून आत डोकावला. "ये क्या हुआ, गुरुजी?"

"चुकून," मी म्हणालो.

तो बाहेरच्या आरड्याओरड्याकडे कान देऊन हसला. "चुकून? अरे, ये तो बढ़िया हो गया. अगले साल दुगनी भीड़ आएगी." महिनाभरात तो आतल्या लोकांना सांगू लागला की ही युक्ती त्याचीच होती. लखन त्याच दिवशी फड सोडून गेला. तीन वर्षांनी फडही बंद पडला. मी निवृत्त झालो. पट्टी अजून माझ्या टेबलावर आहे.

आता लखनला वाटतं, सेठने सांगितलं. सगळ्यांनाच वाटतं. माझं नाव कोणाच्या मनातही येत नाही. भित्र्या माणसाचा हाच फायदा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भाजीबाजारात सेठ भेटला. पोट सुटलंय, आवाज तोच.

"क्यों गुरुजी, सुना लखन आपसे चिट्ठी माँग रहा है?"

"हो."

"तो लिख दो ना. क्या लिखोगे, मैंने सुलाया? हाँ, मैंने ही सुलाया. उस ज़माने में कौन उठेगा, कौन गिरेगा, सब इस हाथ में था." त्याने हात माझ्या तोंडासमोर उघडून दाखवला. मग माझ्या पिशवीतली फुलकोबी दाबून पाहिली. "पर आप नहीं लिखोगे. हाथ काँपेगा आपका. और गाँव में तो मैं यही बोलूँगा कि लड़का बिक गया था."

तो खोटं बोलत नव्हता. म्हणजे पहिल्या भागात नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो ठोका त्याचा होता. मी फुलकोबी घेऊन घरी आलो आणि ताबडतोब लिहायला बसलो. 'सदर कुस्तीचा निकाल गोवर्धन सेठ यांच्या सांगण्यावरून बदलण्यात आला.' किती सोपं वाक्य. सेठ माणूस वाईटच, लखनचं काम होईल, मुलींना जागा मिळेल, सेठसुद्धा मनातून नाकारणार नाही. कोणाचं काय बिघडणार होतं?

सुशिलाबाईने कागद वाचला. तिला मी सगळं वाचायला देतो.

"सेठनं सांगलं होतं का?"

मी पेनाला टोपण लावलं.

"बारा वर्सांपासून झोपेत खाटेच्या लाकडावर बोटानं ठोकून राहिले तुमी. एक, दोन, तीन. मले का समजत नाइ? मी वाट पाहून राहिली, कधी सांगाल मनून."

मी कागद फाडला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने कामठ्याला गेलो. तोंडानेच सांगून टाकावं, म्हणजे लिहावं लागणार नाही.

धानाची मळणी उरकलेली. लखनने घरामागचं खळं खणून माती भुसभुशीत केली होती, तीत तेल आणि हळद मिसळली होती. सात मुली त्या मातीने पिवळ्या होऊन एकमेकींना भिडत होत्या. त्यातली सर्वांत लहान आणि खोडकर ती लखनची मुलगी दिव्या.

"बाबा, पाह्य माही पाठ! एक कण नाइ!"

"पाठ नाइ त नाक पाह्य आपलं," लखन म्हणाला. "सारी माती तेथी गेली." मुली खिदळल्या. मग त्याने मला पाहिलं आणि धावत येऊन पाया पडला. "गुरुजी! तुमी कायले तरास घेतला? मीच आलो असतो."

पलीकडच्या ओसरीवर मंगरू बसला होता. ऐंशीच्या घरातला, ताठ. त्याचं तोंड भिंतीकडे होतं.

"रोज असाच बसते," लखन हळूच म्हणाला. "पोरीयचा आवाज पायजे त्याले. माहं तोंड नाइ पायजे. बारा वर्सं झाले, माह्या पाठीले हात नाइ लावला बुढ्यानं. फड मोडल्यावर सांगलं सारं, त त्यानं मानलं नाइ."

मी म्हणालो, "लखन, तो तिसरा ठोका..."

"राहू द्या, गुरुजी." त्याने माझा हात धरला. "तुमी घाबरून राहिले, मले समजते. सेठ खराब माणूस हाय. तुमचं वय झालं. नाइ लिहिलं तरी मी राग नाइ धरत. तुमी देवमाणूस."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी बोललो असतो. त्याची बायको फुलवंता चहा घेऊन आली. मी चहा प्यायलो, पोळलो, आणखी एक कप मागितला. दिव्या मातीने भरलेले हात मागे धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"गुरुजी, खाली अंधारात एकटे बसून तुमाले भेव नाइ लागत होतं?"

"नाही," मी म्हणालो. "तिथे नव्हतं लागत."

"मंग कोठी लागते?"

उत्तर माझ्याजवळ होतं. मी बस चुकेल म्हणून उठलो. बसला अजून पाऊण तास होता. तो मी थांब्यावर येरझारा घालत काढला.

घरी आल्यावर चप्पलही न काढता लिहायला बसलो. खाडाखोड न करता लिहिलेला माझा हा एकच कागद असेल.

"चि. लखन यास, आणि त्याच्यामार्फत कामठ्याच्या ग्रामसभेस. बारा वर्षांपूर्वीच्या मंडईत लखनने कुस्ती विकली नाही. त्या दिवशी तो जिंकणार असं ठरलं होतं. गोवर्धन सेठनेही तेच सांगितलं होतं. मंचाखाली बसून पाठ टेकवण्याची खूण मी दिली. मला कोणी सांगितलं नव्हतं. मला तसं करून पाहायचं होतं. लखन थांबला, तेव्हा मी ती खूण पुन्हा दिली. फडातल्या सोळा जणांसाठी तो बापासमोर गप्प राहिला. मुलींची तालीम कोणाच्या हाती द्यायची हे ठरवताना एवढं लक्षात घ्यावं. हा कागद आधी मंगरूभाऊंना वाचून दाखवावा. लखन, तू मला देवमाणूस म्हणालास, तेव्हाच हे सांगायला हवं होतं. सांगता आलं नाही."

सुशिलाबाईने वाचलं. तिने फक्त 'मंगरूभाऊंना' या शब्दावर बोट ठेवून मान डोलावली आणि कागद परत दिला.

"आता लखन माझं तोंड पाहणार नाही," मी म्हणालो.

"नाइ पाहणार," ती म्हणाली. "जा, पोस्ट बंद होईन."

वीस तारीख होती. पोस्टात रांग होती. रांगेत दोनदा मला वाटलं की वाक्यरचना बिघडली आहे, घरी जाऊन एकदा वाचून यावं. तिसऱ्यांदा वाटलं तोवर खिडकी आली होती. स्पीड पोस्टने पाठवलं तर सव्वीसच्या आत नक्की पोचेल, असं खिडकीतली बाई म्हणाली. तिने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि माझ्याकडे परत सरकवलं.

"बाबा, पाठवणाऱ्याचं नाव नाही लिहिलं. कोण आहे पाठवणारा?"

मागचा माणूस घाई करत होता. खिडकीला दोरीने बांधलेला पेन चालत नव्हता. मी खिशातला काढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, पुनाराम रहांगडाले, निवृत्त शिक्षक, गोंदिया. हात थरथरत होता, पण अक्षर वाचता येत होतं. तिने पाकीट घेतलं, शिक्का मारला आणि मागच्या थैलीत टाकलं.