कासिमिराच्या कोपऱ्यावरचा तामालांचा हंडा

मी एक जुना पत्र्याचा हंडा आहे. ज्या वर्षी कासिमिराबाईंच्या धाकट्या मुलीचा, ओतिलियाचा, बाप्तिस्मा झाला, त्या वर्षी, म्हणजे १९८१ साली, मी तोलुका शहरात त्यांच्या घरी आलो. बाप्तिस्म्याला सत्तर माणसे जेवणार होती आणि घरात एवढे मोठे भांडे नव्हते. बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. पत्रा वाकवला, सांध्यांना झाळ दिली, पोटात भोकांची जाळी बसवली आणि म्हणाला, "हा तुझ्या नातवंडांनाही पुरेल, बाई." मित्रांनो, त्याचे बोलणे खरे ठरले, हे मी अभिमानाने सांगतो.

जाळीखाली पाणी आणि जाळीवर तामाल, असे माझे काम. मक्याच्या पिठात तिखट मांस भरायचे, ते कणसाच्या सालीत गुंडाळायचे आणि माझ्यात उभे लावायचे. पाण्यात कासिमिराबाई एक नाणे टाकत. पाणी उकळले की ते खडखड वाजते. पाणी आटले की गप्प होते. त्या खडखडीवर बाईंचे सारे घर चालले.

बाप्तिस्मा झाला आणि बाईंनी मला रोज सकाळी सरकारी दफ्तराच्या कोपऱ्यावर न्यायला सुरुवात केली. तोलुकाच्या थंडीत माझे झाकण उघडले की वाफ थेट रस्त्यापलीकडे जाई. गिऱ्हाईक कोळशासारखे काळे असले तरी बाई त्याला लाडाने हाक मारीत, "ये रे गोऱ्या, तिखट की गोड?" लोक पावात तामाल घालून उभ्या उभ्या खात आणि कामावर पळत. पगार पंधरा दिवसांनी होई. पगाराच्या दुसऱ्या दिवशी सगळे खुर्च्यांच्या खाणावळीत बसत आणि माझी रांग आखूड होई. दहावा दिवस उजाडला की तेच लोक माझ्याकडे परत येत. तारीख मला रांगेवरून कळायची.

बावीस वर्षे अशी गेली. मग समोर काचेचे दुकान उघडले. आत गाद्यांच्या खुर्च्या, मोठ्या पेल्यांत कॉफी. दफ्तरातले आन्सेल्मो नावाचे कारकून रोज दोन तामाल खात. त्यांना बढती मिळाली आणि ते टाय लावून त्या काचेआड बसू लागले. आमच्यासमोरून जाताना त्यांना नेमके आकाशात काहीतरी दिसायचे. बाकीचेही त्यांच्या मागे गेले. रांगेत दहा-बारा माणसे उरली. त्यात जानेवारीत ओतिलियाने त्याच दुकानात नोकरी धरली. त्या दुकानाचा हिरवा एप्रन घरात पाहून बाईंनी मुलीशी बोलणे टाकले. दोन फेब्रुवारीपर्यंत कोपरा चालवायचा आणि मग मला मोडीत घालायचे, असे त्यांनी शेजारच्या पेत्राबाईंना सांगितले. ते मी ऐकले.

सहा जानेवारीच्या सणाला कापलेल्या गोड पावात लपवलेली इवलीशी बाहुली ज्याच्या वाट्याला येते, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल खाऊ घालायचे असतात. दफ्तरात ती बाहुली आन्सेल्मोंच्या दाताखाली आली. काचेच्या दुकानात तामाल मिळत नव्हते. ते खाली मान घालून आमच्याकडे आले.

"या साहेब," बाई म्हणाल्या, "काच फुटली का?"

"टोमणे नंतर मारा हो. बत्तीस माणसं आहेत. दोन वाजता पाहिजेत. आमचे मोठे साहेबसुद्धा खाणार आहेत."

"साहेबांना सांगा, आमच्याकडे खुर्ची नाही."

तरी बाईंनी काम घेतले. ही माणसे एकदा परत खाऊन गेली तर कोपरा जगेल, हे त्यांना कळत होते.

दोन फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता मला चुलीवर चढवले. साडेदहाला पेत्राबाईंनी एक तामाल उकलून पाहिला. पीठ सालीला चिकटलेले, पार कच्चे.

"कोण चिडलंय या घरात?" पेत्राबाईंनी विचारले. चिडलेल्या माणसाच्या हातचे तामाल शिजत नाहीत, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

"कोणी नाही!" बाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की कुत्रा उठून बाहेर गेला.

"हो, दिसतंय ते," असे म्हणून पेत्राबाईंनी माझ्या कानांना सालींच्या गाठी बांधल्या. राग उतरावा म्हणून तसे करतात.

रागाचे मला ठाऊक नाही, मित्रांनो. माझे बूड मात्र पोळत होते. पाणी केव्हाच आटले होते, वाफ थांबली होती आणि मला ओरडता येत नव्हते. रागाने बाईंचे कान बंद झाले होते.

कामावर निघालेली ओतिलिया दारात थबकली. "आई, नाणं वाजत नाहीये."

तीन आठवड्यांत बाईंनी तिच्या एकाही शब्दाला उत्तर दिले नव्हते. आता त्या तिच्याकडे वळल्या.

"मग बघत काय उभी राहिलीस? पाणी आण. गरम आण, गार ओतशील तर हंडा फाटेल."

ओतिलियाने धावत पाणी आणले. नाणे पुन्हा खडखडले. बाईंनी माझे झाकण नीट बसवले.

"त्या दुकानात पाय दुखतात का गं?"

"दुखतात. बसू देत नाहीत."

"आपल्याकडे एक स्टूल आहे," बाई म्हणाल्या. "तिथून सुटलीस की येत जा. टेकायला."

दोन वाजायच्या आत मला घोंगडीत गुंडाळून दफ्तराच्या तिसऱ्या मजल्यावर नेले. एका कानाला आन्सेल्मो, दुसऱ्याला दुकानातून जेवणाच्या सुट्टीत आलेली ओतिलिया. फायलींच्या टेबलावर मी मधोमध बसलो. टाय लावलेल्या माणसांनी काटे-चमचे बाजूला सारून माझ्यात हात घातले. एकही तामाल उरला नाही. दुसऱ्या दिवशी आन्सेल्मो कोपऱ्यावर, सगळ्यांच्या देखत, उभ्याने खात होते आणि हिरवी चटणी टायवर सांडत होती. त्यांच्या मागे रांग वळणापर्यंत गेली होती.

माझ्या बुडाला त्या दिवशीचा काळा डाग आहे. पुष्कळांनी तो घासून पाहिला, जात नाही. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

मित्रांनो, भांडे वापरून झाले की धुवा, कोरडे करा आणि उपडे ठेवा, म्हणजे ते गंजत नाही. आणि ज्याच्या हातचे रोज रस्त्यावर खाता, त्याचे नाव तरी विचारून ठेवा. खिसा भरला म्हणून त्याच्यासमोरून आकाशाकडे बघत जाऊ नका.

आता मला ओतिलिया कोपऱ्यावर नेते. कासिमिराबाई ९ मार्च २०१९ रोजी सकाळी, सत्तराव्या वर्षी, आपल्या घरी वारल्या.